तीन दिवसांत गुण देणारी बाटली

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. मी सोलापूरची, वय ४६. घरीच कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा व्यवसाय करते, हाताखाली दोन बायका आहेत. दोनेक वर्षांपासून डोळे लाल होतात, चुरचुरतात, वाळू गेल्यासारखे खुपतात. सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. रांजणवाडी सारखीच येते. एकदा गाठ राहिली, ती चिरा देऊन काढावी लागली. आधी वाटलं धूर, मग वाटलं नंबर, म्हणून चष्मा दोनदा बदलला. मेडिकलमध्ये एक पांढरं औषध मिळतं, हलवून घालायचं. ते घातलं की तीन दिवसांत डोळे स्वच्छ. सोडलं की आठवड्यात पुन्हा तेच. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी मशीनवर बघून सांगितलं की हा रोझेशिया आहे, चेहऱ्याच्या त्वचेचा आजार, पण तुमच्या डोळ्यांत आलाय. मला चेहऱ्याला काहीच नाही. वांग आहेत तेवढे, त्यांना चार वर्षं क्रीम लावते. एखादे दिवशी राहिली तर गाल भाजल्यासारखे होतात. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन १०० ची एक गोळी रोज, दोन महिन्यांसाठी दिली, शेक घ्यायला सांगितला आणि पांढरं औषध बंद केलं. गोळीने छातीत जळजळायला लागलं, दहा-बारा दिवसांत सोडून दिली. फरकही काही नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहतं आणि डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे आहेत. उष्णता टाळा म्हणतात आणि शेकही घ्या म्हणतात. जाऊबाईंनी माझा टॉवेल वेगळा केलाय, गिऱ्हाईक विचारतं डोळे आलेत का. अमेरिकेतला भाचा एक नवीन ड्रॉप पाठवतो म्हणतोय. पुण्यात लाइटची ट्रीटमेंट करतात असंही ऐकलं. हा आजार बरा होतो का? चूल बंद करावी लागेल का? आणि ते पांढरं औषधच चालू ठेवलं तर काय बिघडेल?

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तुमचं सगळं घोडं तिथेच अडलंय.

हलवून घालायचं पांढरं औषध म्हणजे बहुतेक वेळा स्टिरॉइड. बाटली घरात असेल तर चष्मा लावून बारीक अक्षरं वाचा. प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, फ्लुओरोमेथोलोन, डेक्सामेथासोन यांपैकी एखादं नाव दिसेल. कधीकधी त्याच बाटलीत अँटिबायोटिकही घातलेलं असतं आणि दुकानदार त्यालाच ‘डोळे आल्याचं औषध’ म्हणून देतो. स्टिरॉइड सूज झटपट उतरवतं, म्हणून तीन दिवसांत डोळा पांढरा होतो. पण सूज ज्यामुळे येते ते पापणीत जागच्या जागी असतं, त्याला या थेंबांचा धक्काही लागत नाही. म्हणूनच आठवड्यात पहिले पाढे पंचावन्न.

नुसतं एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, घाला बापड्या. पण हे औषध महिनोन्‌महिने घातलं तर काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो. सगळ्यांचा नाही. ज्यांचा वाढतो त्यांना मात्र बहुधा पत्ता लागत नाही. दुखत नाही, खुपत नाही, उलट डोळा कधी नव्हे इतका नितळ दिसतो. आतली नस हळूहळू दबते आणि काचबिंदूने एकदा गेलेली नजर कोणत्याही उपचाराने परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर होतो, पण तो निदान ऑपरेशनने सुटतो. शिवाय बुबुळावर जंतूंमुळे जखम झालेली असेल तर नुसत्या स्टिरॉइडने तिला मोकळं रान मिळतं.

तेव्हा याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन दाब मोजून घ्या आणि मागची नस तपासून घ्या. हे औषध दोन वर्षं येऊन-जाऊन घातलंय, हे न लाजता सांगा. तुमच्या डॉक्टरांनी ते बंद केलं ते बरोबरच केलं. म्हणजे स्टिरॉइड विष आहे असं नव्हे. मोठा भडका उडाला तर तेच डॉक्टर तुम्हाला थोडे दिवस स्टिरॉइड देतील, थेंब कमी करत आणतील, मध्ये दाब बघतील. मेडिकलच्या काउंटरवर दाब मोजायचं यंत्र नसतं, एवढाच फरक आहे आणि तो फार मोठा आहे.

आता तुम्ही ओघात लिहून गेलात त्या ओळीकडे येते. मला तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच वाटली. वांगांवर चार वर्षं क्रीम, आणि एक दिवस राहिली तर गाल भाजल्यासारखे होतात. ताई, ही ट्यूबही वाचा. आपल्याकडे वांगांवर सर्रास खपणाऱ्या कित्येक क्रीममध्ये हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनच्या जोडीला मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन असतं. काहींत बीटामेथासोन असतं. मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बीटामेथासोन ही सगळी स्टिरॉइडं. डॉक्टरने काही आठवड्यांसाठी दिलेली ट्यूब मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे जाते आणि वर्षानुवर्षं चालते. चिठ्ठीशिवाय विकू नये असा नियम आहे, पण तो कुठे पाळला जातो ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. रोज लावल्याने चेहऱ्याची त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि क्रीम थांबवली की गालांची आग होते. आग शमवायला पुन्हा तीच क्रीम. डोळ्यांचं आणि गालांचं दुखणं तुम्हाला वेगवेगळं वाटतंय, पण दोन्हीकडे तुम्ही एकाच चक्रात अडकलायत.

या क्रीममुळेच डोळ्यांचा आजार झाला असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण स्टिरॉइडने रोझेशियासारखा चेहरा होऊ शकतो, मुळात असलेला रोझेशिया त्याखाली झाकलाही जाऊ शकतो, आणि क्रीम सोडल्यावर उफाळून येतो. त्यामुळे ‘मला चेहऱ्याला काहीच नाही’ या तुमच्या वाक्यावर मी आज विश्वास ठेवत नाही. शिवाय काही जणांत डोळे आधी बिघडतात आणि चेहऱ्यावर खुणा नंतर येतात. भरीला आपला गव्हाळ-सावळा रंग. पुस्तकांतले रोझेशियाचे फोटो वर्षानुवर्षं गोऱ्यापान गालांचे होते. आपल्या गालावर तसा लालभडकपणा दिसत नाही. गाल तापतात, चुरचुरतात, साबण झोंबतो, तपकिरी छटा येते, मुरमांसारखे पुरळ येतात. ते पित्तावर नाहीतर पाळीच्या वयावर ढकललं जातं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नुसत्या पापण्यांवरून ओळखलं, हे मला फार आवडलं.

क्रीम आज रात्रीपासून एकदम फेकून देऊ नका, भडका उडेल. ट्यूब घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, ते ती कशी सोडवायची हे ठरवतील आणि गालांसाठी स्टिरॉइड नसलेलं काही देतील, मेट्रोनिडाझोल, अझेलिक ॲसिड किंवा आयव्हरमेक्टिनपैकी एखादं. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा. हे मी प्रत्येकीला सांगते आणि प्रत्येकी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना चेहऱ्याची ट्यूब घरी विसरते.

आता ‘पाणी वाहतं आणि डॉक्टर कोरडे म्हणतात’ याचं. आपल्या प्रत्येक पापणीच्या कडेत, केसांच्या मुळांच्या आतल्या बाजूला, वीस ते चाळीस बारीक तेलग्रंथी ओळीने असतात. हाइनरिश माइबोम नावाच्या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचं तपशीलवार वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन म्हणतात. प्रत्येक उघडझापेला या ग्रंथी तेलाचा पातळ थर अश्रूंवर पसरवतात. तो थर अश्रू उडून जाऊ देत नाही. रोझेशियात हे तेल घट्ट होतं. थंडीत खोबरेल तेलाची बाटली थिजते ना, अगदी तसं. निरोगी पापणीची कड दाबली तर तिथून स्वच्छ तेलाचा थेंब येतो. तुमची दाबली तर पांढरट मेणचट काहीतरी बाहेर येईल किंवा काहीच येणार नाही. मशीनवर हनुवटी टेकवून डॉक्टर हेच बघत होते, आणि कडेवर उगवलेल्या बारीक लाल रेषाही. तेल नाही म्हणून अश्रू काही सेकंदांत उडतात, डोळा उघडा पडतो, चुरचुरतो, आणि त्या चुरचुरीने मेंदू घाईघाईने पाण्याचा लोंढा पाठवतो. त्या पाण्यात तेल नसतंच, म्हणून तेही टिकत नाही. संध्याकाळी मोबाइल बघताना अक्षरं पुसट होतात आणि पापण्या मिटून उघडल्या की स्पष्ट दिसतात, असं होत असेल तर त्याचं कारण हेच. नंबर बदलून ते जाणार नव्हतं.

रांजणवाडीही त्याच घराण्यातली. तोंड बुजलेली ग्रंथी फुगते, सुजते, कधी आत गाठ राहते. लवंग उगाळून लावत असाल तर ते थांबवा, पापणीची कातडी भाजते. आणि एक गोष्ट लक्षात असू द्या : चिरा देऊन काढलेली गाठ त्याच जागी पुन्हा आली किंवा तिथले पापणीचे केस गळले, तर ती पुन्हा नुसती चिरून घेऊ नका. तुकडा तपासायला पाठवा असं स्वतः म्हणा. बहुतेक वेळा काही निघत नाही, पण पापणीच्या तेलग्रंथीचा कर्करोग क्वचित असाच वेष घेऊन येतो.

मग उपचार काय? थिजलेलं तेल वितळवायचं आणि ग्रंथींची सूज आतून कमी करायची. पहिलं काम शेकाचं, दुसरं गोळीचं. दोन्ही कंटाळवाणी आहेत. पहिल्या आठवड्यात दोन्हींचा गुण दिसत नाही, आणि लोक नेमक्या त्याच आठवड्यात सोडतात.

‘उष्णता टाळा आणि शेक घ्या’ हे ऐकायला उफराटं वाटतं, पण तसं नाही. चुलीची, उन्हाची धग सगळ्या चेहऱ्यावर येते, रक्तवाहिन्या फुलतात, आजार खवळतो. शेक फक्त मिटल्या पापण्यांपुरता, सोसवेल इतक्या उबेचा आणि थोडाच वेळ. म्हणून पातेल्यावर टॉवेल घेऊन वाफ घेणं तुमच्यासाठी नाही. जुन्या मऊ सुती कापडाच्या दोन घड्या करा. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला घालून बघा. गरम लागलं पाहिजे, चटका नको. एक घडी पिळून मिटल्या डोळ्यांवर ठेवा. ती एक-दोन मिनिटांत निवते, की दुसरी ठेवा. असं आठ-दहा मिनिटं. बऱ्याच जणी एकच फडकं निवेपर्यंत ठेवतात आणि म्हणतात शेकाने काही होत नाही. तेल वितळायला पापणीला चाळीस अंशांच्या आसपास ऊब काही मिनिटं सलग लागते, निवलेल्या फडक्याने ते कसं व्हायचं? गरम करून वापरायचे डोळ्यांचे मास्क मिळतात, त्यांची ऊब जास्त टिकते. तो खर्च मी वाया गेला म्हणणार नाही.

शेक संपला की लगेच, तेल पातळ आहे तोवर, हात धुऊन बोटाच्या पेराने हलका मसाज करा. वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, म्हणजे दोन्हीकडे केसांच्या दिशेने. डोळ्याच्या गोळ्यावर दाब नको. मग पापण्यांच्या कडा पुसून घ्या. त्यासाठी तयार वाइप्स मिळतात. नाहीतर उकळून कोमट केलेल्या कपभर पाण्यात बेबी शॅम्पूचे दोन-तीन थेंब टाकून स्वच्छ कापसाने केसांची मुळं पुसा आणि साध्या पाण्याने धुवा. सुरुवातीला दिवसातून दोनदा, आराम पडल्यावर एकदा. एकदा म्हणजे रोज एकदा, बरं का. गुलाबपाणी, मध, त्रिफळ्याचं पाणी, कांद्याचा रस यांपैकी काहीही डोळ्यात घालायचं नाही. यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये.

गोळीचं आता. तुम्ही ती कशी घेत होतात हे लिहिलं नाहीत, पण निजायच्या आधी घोटभर पाण्याबरोबर घेतलेली डॉक्सिसायक्लिन अन्ननलिकेत अडकते आणि तिथे जखम करते. जळजळ बहुधा तिचीच. ही गोळी जेवणानंतर, बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या आणि ॲसिडिटीचं पातळ औषध यांच्यापासून दोन-तीन तास लांब ठेवायची, त्यांच्याशी ती बांधली जाते आणि अंगी लागत नाही. दुधानेही थोडी कमी लागू पडते. अजूनही गिळताना दुखत असेल तर गोळीला हात न लावता आधी डॉक्टरांना सांगा.

दहा-बारा दिवसांत फरक पडला नाही, म्हणून ती बिनकामाची ठरत नाही. इथे ती जंतू मारण्यासाठी दिलेलीच नाही. ती सूज शमवते आणि पापणीतल्या तेलाचा पोत सुधारते, आणि हे काम आठवड्यांच्या हिशेबाने चालतं. पहिला फरक साधारण महिना-दीड महिन्याने जाणवतो. जंतू मारण्याशी संबंध नसल्यामुळेच कमी मात्राही पुरू शकते. अमेरिकेत त्वचेच्या रोझेशियासाठी ४० मिलिग्रॅमच्या, हळू विरघळणाऱ्या कॅप्सूलला २००६ मध्ये मान्यता मिळाली. तुमच्या पोटाला १०० झेपत नसेल तर मात्रा कमी करता येईल का, किंवा ॲझिथ्रोमायसिन चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. विचारताना हृदयाच्या ठोक्यांचा त्रास, रक्त पातळ करणारी गोळी, असं काही असेल तर तेही सांगा. पाळी चालू असेल तर गर्भ नाही याची खात्री हवी. या गोळीवर असताना ऊन जास्त भाजतं. खालून खाज, पांढरं जाणं सुरू झालं तर लपवू नका, ते या गोळीने होऊ शकतं आणि त्यावर सोपा उपाय आहे. डोकं सारखं दुखून दिसायला अंधुक झालं तर त्याच दिवशी फोन करा. आणि त्वचेच्या डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइन सुचवलं तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगा, ती दोन एकत्र घेत नाहीत.

थेंब कोणते घालायचे? कृत्रिम अश्रू, आणि दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले. नेहमीच्या बाटलीत औषध टिकावं म्हणून जे रसायन घालतात तेच अशा डोळ्यांना खुपतं. दुकानात नसले तर मागवून घ्या, पर्याय म्हणून जे हाताला लागेल ते घेऊ नका. ‘डोळे पांढरेशुभ्र’ करणारे थेंब तर मुळीच नकोत; ते रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकसवतात आणि उतरले की डोळा आधीपेक्षा लाल. एवढ्याने आवरलं नाही तर डॉक्टर सायक्लोस्पोरिनचे थेंब देतील. ते सुरुवातीला झोंबतात आणि गुण यायला दोन-तीन महिने घेतात, पण स्टिरॉइडसारखा दाब वाढवत नाहीत. म्हणजे तुमच्या पांढऱ्या बाटलीच्या अगदी उलट स्वभाव.

भाच्याचा ड्रॉप मला वाटतं लोटिलॅनरचा असावा. त्याला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली, पण ती डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किडीमुळे येणाऱ्या पापण्यांच्या सुजेसाठी. ही कीड वाढत्या वयात बहुतेकांच्या केसांच्या मुळांशी असते; रोझेशियात ती जास्त सापडते. ती त्रास देण्याइतकी झाली असेल तर पापणीच्या केसाच्या बुडाशी कोंड्याचं पारदर्शक वेटोळं दिसतं. डॉक्टरांना तेवढं बघायला सांगा. नसेल तर भाच्याला म्हणावं, त्यापेक्षा सुट्टीत ये. टी ट्री ऑइलही याच किडीसाठी सांगतात. ते तेल तसंच पापणीला लावलं तर डोळा भाजून निघतो. बाटलीतलं तेल नको.

लाइटच्या उपचाराचा, म्हणजे प्रकाशाचे तीव्र झोत टाकणाऱ्या आयपीएलचा, काहींना खरंच फायदा होतो. पण तो एकदाच करून भागत नाही, काही आठवड्यांच्या अंतराने तीन-चार वेळा जावं लागतं आणि पुढेही अधूनमधून. सावळ्या किंवा उन्हाने रापलेल्या त्वचेवर डाग पडण्याचा, भाजण्याचा धोका असतो, आणि तुम्हाला आधीच वांग आहेत. शेक आणि गोळी तीन महिने नीट झाल्याशिवाय मी त्यावर पैसे घालणार नाही. कॅप्सूलमधल्या माशाच्या तेलावरही नाही : कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांना वर्षभर ते देऊन अमेरिकेत मोठी चाचणी झाली, निकाल २०१८ मध्ये आला, आणि ते ऑलिव्ह तेलापेक्षा सरस ठरलं नाही. जवसाची चटणी आवडत असेल तर खा. चटणी म्हणून खा.

चूल बंद करू नका. मी तरी करा म्हणणार नाही. चार पैसे तिच्यावर येतायत, आणि घरी बसून आलेल्या काळजीनेही हा आजार खवळतो. पण मांडणी बदला. कडक भाकरीचं काम म्हणजे भाकरी पाणी सुकेपर्यंत मंद आचेवर ठेवायची, तासन्‌तास धगीसमोर. ते काम तिघींत फिरवा, तुम्ही सलग बसू नका. थापायला आणि पॅकिंगला तुम्ही, भाजायला आलटून-पालटून. धूर आणि वाफ बाहेर ओढणारा पंखा वर बसवा. टेबलफॅन मात्र तोंडावर नको, तो उरलेले अश्रूही वाळवतो. शेंगाचटणीसाठी मिरची भाजायची-कुटायची असेल तेव्हा दुसऱ्या खोलीत जा. गळ्याला ओलं फडकं ठेवलं तर चेहरा लवकर निवतो. बाहेर पडताना छत्री, आणि बाजूंनी झाकणारा गॉगल. सोलापूरच्या मे महिन्यात हा थाट नव्हे.

खाण्यापिण्याचं काय करायचं? सगळं तिखट बंद, चहा बंद, अशी शपथ घेऊ नका. महिन्याभरात मोडते. दोन-तीन आठवडे वहीत लिहा : काय खाल्लं, ऊन किती, चुलीपुढे किती, झोप किती, डोळे कसे. कुणाला तिखट बाधतं, कुणाला अजिबात नाही. चहात तर पुष्कळदा दोष चहाचा नसून त्याच्या गरमपणाचा असतो, बशीत ओतून निववून प्या. लिहून झालं की तुमचा शत्रू तुम्हालाच सापडेल. माझा अंदाज ऊन आणि चूल असा आहे.

जाऊबाईंना हे पान वाचायला द्या. रोझेशिया लागत नाही. टॉवेलने नाही, भाकरीने नाही. गिऱ्हाइकाने विचारलं तर सरळ सांगायचं, ‘डोळे आलेले नाहीत, पापण्यांचा जुना त्रास आहे, लागत नाही.’ लाजत, नजर चुकवत सांगितलंत तर गिऱ्हाईक शंका घेणारच.

बरा होतो का, या प्रश्नाला मी गोड उत्तर देणार नाही. मुळासकट जात नाही. पण आवरतो, आणि बहुतेकींचा चांगला आवरतो. महिनोन्‌महिने आठवणही होत नाही. मग शेक सुटतो, मे येतो, एखादं लग्नघर येतं आणि पुन्हा चुरचुर सुरू होते. तेव्हा गोळीचा छोटा कोर्स लागू शकतो. शेक सोडायचा नाही. तीन महिने सगळं नीट करूनही काहीच फरक नसेल तर निदान पुन्हा तपासायला हवं. तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील तर ते सांगा, तो वेगळा आजार असू शकतो आणि त्याच्या रक्ताच्या तपासण्या वेगळ्या असतात.

मात्र काही लक्षणांना तीन महिने काय, तीन दिवसही थांबायचं नाही. डोळा नुसता चुरचुरत नाही तर ठणकतोय, उजेड अजिबात सोसत नाही, पापणी मिटून उघडली तरी अंधुकपणा जात नाही, किंवा काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय : त्याच दिवशी डोळ्यांचा दवाखाना गाठायचा. हा आजार क्वचित बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम करतो, तिथे फूल पडलं तर नजर अधू होते. अशा दिवशी घरातली पांढरी बाटली हाताला लागू नये म्हणून ती टाकून द्या. डॉक्टरांना दाखवून आलात की लगेच.

ता. क. मध्ये विचारलंयत, ‘डिसेंबरात मुलीचं लग्न आहे, काजळ लावलं तर चालेल का?’ चालेल, एक दिवस. नवीन कांडी घ्या, बहिणीची नको. पापणीच्या आतल्या कडेला ओढू नका, तिथेच तेलग्रंथींची तोंडं आहेत. केसांच्या बाहेरच्या बाजूने बारीक रेघ काढा. वरातीहून कितीही उशिरा आलात तरी पुसल्याशिवाय झोपू नका. आणि होमाचा धूर ज्या बाजूला जाईल त्याच्या उलट बाजूला खुर्ची टाकून घ्या, वधूच्या आईला तेवढा हक्क असतो.